अजिंक्य मुंगी आणि राईएवढी माशी



ह्या व्यासपीठावरून आपण साम्राज्यांचे उदयास्त ऐकता, स्वाऱ्या आणि तह ऐकता. मीही आज एका मोहिमेचाच इतिहास सांगणार आहे. तिच्यात एका बाजूला अमेरिकेसारखे बलाढ्य राष्ट्र होते. त्याच्यापाशी विमाने होती, रसायनांचे कारखाने होते, कायदेमंडळाने मंजूर केलेला पैसा होता. दुसऱ्या बाजूला एक मुंगी होती. तिची लांबी पाव इंचही भरत नाही. ही मोहीम सुमारे वीस वर्षे चालली आणि तिच्यात मुंगी जिंकली. पुढे त्या मुंगीवर निराळाच उपाय योजण्यात आला. तो उपाय म्हणजे तिच्याच डोक्यात वाढणारी, राईच्या दाण्याएवढी एक माशी. ह्या माशीने काय साधले आणि काय साधले नाही, हे सांगण्यासाठी आजचा हा प्रपंच.

मुंगीशी आपले मुळात वैर नाही. सकाळी फिरायला निघालेले वृद्ध गृहस्थ पिठात साखर मिसळून घेतात आणि वाटेतल्या मुंग्यांच्या बिळांपाशी चिमूट चिमूट टाकत जातात, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. चीनमध्ये तर मुंगीला शेतीची राखणदार नेमले होते. इसवी सन ३०४ च्या सुमाराचा मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात अशी नोंद आहे की, दक्षिणेकडील संत्र्यांचे बागाईतदार बाजारातून मुंग्यांची घरटी विकत आणीत आणि झाडांवर टांगून ठेवीत. त्या मुंग्या फळांवरील किडी खात. आपल्या कोकणात आंब्याची पाने शिवून घरे करणाऱ्या ज्या लाल मुंग्या दिसतात, त्याच कुळातली ही मुंगी. एका किडीवर दुसरी कीड सोडण्याचा, म्हणजे ज्याला आज जैविक नियंत्रण म्हणतात त्याचा, हा सर्वांत जुना लेखी दाखला समजला जातो. तेव्हा मुंगी ही जन्मतःच शेतकऱ्याची शत्रू नव्हे. ती शत्रू केव्हा होते, कोणत्या परिस्थितीत होते, हा खरा प्रश्न आहे आणि आपली कथा त्याच प्रश्नाभोवती फिरते.

कथेतल्या मुंगीचे माहेर दक्षिण अमेरिकेत. ब्राझील, पॅराग्वे आणि उत्तर अर्जेंटिना ह्या प्रदेशांतून पॅराग्वे आणि पाराना ह्या विशाल नद्या वाहतात. त्यांना पूर आला की काठचा मुलूख महिनोन् महिने पाण्याखाली जातो. अशा ठिकाणी ही मुंगी राहते. पाणी चढू लागले की वारुळातल्या हजारो मुंग्या एकमेकींचे पाय धरून एक तराफा तयार करतात, राणीला आणि पिलावळीला मध्ये घेतात आणि जमीन लागेपर्यंत तरंगत जातात. पूर ओसरला की उघड्या पडलेल्या जमिनीवर सर्वांआधी वारूळ बांधायचे, ही तिची पिढ्यान् पिढ्यांची सवय. हा तिचा गुण ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

ही मुंगी चावते आणि डसतेही. जबड्याने कातडी पकडायची आणि तो टेकू धरून गोल फिरत नांगी पुन्हा पुन्हा खुपसायची, ही तिची रीत. डंखाच्या जागी निखारा ठेवल्यासारखी आग होते आणि दुसऱ्या दिवशी तेथे पांढरा फोड येतो. म्हणून तिला अग्निमुंगी हे नाव पडले. विल्यम ब्यूरेन ह्या कीटकशास्त्रज्ञाने १९७२ साली तिला शास्त्रीय नाव दिले ते 'सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा'. 'इन्व्हिक्टा' ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ अजिंक्य. नाव ठेवणाऱ्याने गौरवाने ठेवले की हताश होऊन, हे ज्याचे त्याने ठरवावे. कारण १९७२ पर्यंत मोहिमेची पंधरा वर्षे होऊन गेली होती.

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर अलाबामा राज्यात मोबिल नावाचे बंदर आहे. दक्षिण अमेरिकेतून येणारी जहाजे तेथे लागत. १९१८ च्या सुमारास ह्याच कुळातली एक काळी मुंगी तेथे उतरली; ती फारशी पसरली नाही. नंतर १९३० च्या दशकात, बहुधा जहाजातील मातीतून किंवा मालातून, ही तांबडी मुंगी आली. तिच्या आगमनाची पहिली साक्ष एका मुलाची आहे. १९४२ साली तेरा वर्षांचा एक मुलगा मोबिलमधील आपल्या घराशेजारच्या मोकळ्या जागेत मुंग्या शोधीत होता. तेथे त्याला एक अनोळखी वारूळ आढळले आणि त्याने त्याची नीट नोंद करून ठेवली. हा मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले मुंगीशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन. १९४९ मध्ये, विद्यार्थी असतानाच, अलाबामा राज्याच्या निसर्गसंरक्षण खात्यासाठी त्यांनी ह्या मुंगीची पाहणी केली. तोवर ती बंदराच्या वेशीबाहेर दूरवर गेली होती.

ती पसरली कशी? मुंगीला पंख फुटले म्हणजे तिचे मरण जवळ आले, असे आपण म्हणतो. ह्या मुंगीच्या बाबतीत ती म्हण अर्धीच खरी. पावसानंतरच्या उबदार दिवशी वारुळातून पंखवाले नर आणि माद्या आकाशात झेपावतात. नर तर मरतातच, माद्यांपैकीही बहुतेक पक्ष्यांच्या आणि इतर मुंग्यांच्या तोंडी पडतात. परंतु जी थोडी मादी-मंडळी जमिनीवर सुखरूप उतरतात ती आपले पंख स्वतःच मोडून टाकतात, बीळ खणतात आणि नवे राज्य स्थापतात. दोन-तीन वर्षांत अशा एका वारुळात दोन लाखांवर मुंग्या होतात. शिवाय माणसाने मदत केली ती वेगळीच. रोपवाटिकांतील कुंड्या आणि हिरवळीचे गालिचे मालमोटारींतून गावोगाव जात. त्यांच्या मातीतून राण्याही जात. १९५८ साली अशा मालाच्या वाहतुकीवर सरकारने निर्बंध घातले. पण तोवर घोडा तबेल्याबाहेर पडला होता.

शेतकऱ्याला होणारा त्रास खोटा नव्हता. ही मुंगी पेरलेले बी खाते, मक्याचे आणि सोयाबीनचे कोवळे रोप कुरतडते, संत्र्याच्या लहान झाडांची साल सोलते. कापणीच्या यंत्राचे पाते तिच्या कठीण वारुळावर आदळून मोडते. नवजात वासरे आणि पिले तिच्या हल्ल्याने आंधळी होतात किंवा मरतात. शेतमजूर अशा शेतात उतरायला कां-कूं करतात. कारण डंखाने काहींना धाप लागते आणि क्वचित मृत्यूही येतो. परंतु न्यायाच्या तराजूत दुसरे पारडेही असते. हीच मुंगी कापसाच्या बोंडातील भुंगेरे आणि उसाच्या खोडातील अळ्या खाते. लुइझियानातील ऊसवाल्यांना ह्याचा अनुभव फार महाग पडून आला. मुंगी मारण्यासाठी विष टाकले आणि पाठोपाठ खोडकिडीचे नुकसान वाढले. म्हणजे ज्या मुंगीला चोर म्हणून धरले, ती त्या शेतात रात्रीची गस्तही घालीत होती.

आता मोहिमेकडे वळू. १९५७ साली अमेरिकेच्या कायदेमंडळाने ह्या मुंगीच्या निर्मूलनासाठी २४ लाख डॉलर मंजूर केले. निर्मूलन हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. मुंगी कमी करणे, आटोक्यात ठेवणे हा हेतूच नव्हता. दक्षिणेतील नऊ राज्यांतून, सुमारे २ कोटी एकरांवरून, ती नाहीशी करायची होती. दुसरे महायुद्ध संपून बारा वर्षे झाली होती. डी. डी. टी.ने हिवतापाच्या डासांवर मिळवलेला विजय ताजा होता, आणि रसायनापुढे कोणतीही कीड टिकणार नाही असा विश्वास सर्वत्र होता. हेप्टाक्लोर आणि डील्ड्रिन ही विषे दाण्यांच्या रूपाने विमानातून फेकण्यात आली. हेप्टाक्लोरचे प्रमाण आरंभी एकरी दोन पौंड होते. शेत, कुरण, ओढा, परसू असा भेद आकाशातून दिसत नाही.

परिणाम दिसायला फार दिवस लागले नाहीत. लावे आणि रानकोंबड्यांसारखे जमिनीवर चरणारे पक्षी मेले, ससे आणि इतर लहान प्राणी मेले, ओढ्यांतले मासे वर आले. विष खाल्लेल्या गवतावर चरणाऱ्या गाईंच्या दुधात त्याचा अंश उतरला. पुढे प्रमाण कमी कमी करण्यात आले, परंतु मोहीम थांबली नाही. १९६२ साली रेचेल कार्सन ह्या विदुषीचा 'सायलेंट स्प्रिंग' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात अविवेकी फवारणीचे जे दाखले दिले आहेत, त्यांत ह्या अग्निमुंगीच्या मोहिमेला मोठे स्थान आहे. शासनाच्या हातून झालेल्या चुकांचा इतका रोखठोक पंचनामा त्यापूर्वी क्वचितच झाला असेल.

त्याच वर्षी नवे शस्त्र आले, मायरेक्स. ते पहिल्याहून पुष्कळच हुशारीचे होते. मक्याच्या कणसाच्या भुग्याला सोयाबीनचे तेल लावायचे आणि तेलात थोडे मायरेक्स मिसळायचे. हे विष सावकाश मारते. त्यामुळे कामकरी मुंगी ते खाऊन मरण्याआधी घरी नेते आणि राणीला भरवते. एकरी दोन ग्रॅमहूनही कमी विष पुरत असे. पुनःपुन्हा फवारलेली जमीन धरली तर दहा कोटींहून अधिक एकरांवर हे आमिष विमानांतून टाकले गेले. आणि मग कळले की मायरेक्स मातीत कुजत नाही, पाण्यात विरत नाही. ते माशांत सापडले, पक्ष्यांत सापडले, माणसांच्या चरबीत सापडले. उंदरांना त्याने कर्करोग होतो असेही दिसले. १९७८ पर्यंत त्याचा वापर कायद्याने बंद झाला. विल्सन ह्यांनी ह्या साऱ्या प्रकरणाला कीटकशास्त्राचे व्हिएतनाम म्हटले. मोबिलच्या मोकळ्या जागेत पहिली नोंद करणाराच हा निवाडा देत होता.

येथे क्षणभर थांबून विचारले पाहिजे की मुंगी जिंकली कशी? विष तिला लागू पडत नव्हते असे नाही. ते उत्तम लागू पडत होते. परंतु ते तिच्याबरोबर त्या भूमीतल्या देशी मुंग्यांनाही मारीत होते. एरवी ह्याच देशी मुंग्या नव्याने उतरलेल्या राण्यांना शोधून खात आणि अन्नासाठी त्यांच्याशी भांडत. विषाने सारा मुलूख ओस पडला. ओस पडलेल्या जमिनीवर सर्वांआधी कोण पोहोचते? पाराना नदीच्या पुरानंतर जी पोहोचते तीच. विमानांनी जणू कृत्रिम पूर आणला आणि पुरात वाढलेल्या मुंगीला तो मानवला. दोन-तीन वर्षांत तीच शेते पुन्हा वारुळांनी भरली, आणि आता तेथे तिला जाब विचारणारे कोणी उरले नव्हते. रोगापेक्षा इलाज भयंकर ठरतो तो असा.

पराभवानंतर शास्त्रज्ञांनी जो प्रश्न विचारला तो खरे तर आरंभीच विचारायला हवा होता. ही मुंगी आपल्या माहेरी इतकी का माजत नाही? ब्राझील-अर्जेंटिनात तीही आहे, तिची भावंडेही आहेत. पण तेथे ती अनेक मुंग्यांपैकी एक म्हणून राहते. पुढे सॅनफर्ड पोर्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्ही खंडांत रस्त्याच्या कडेने वारुळे मोजली. तेव्हा उत्तर अमेरिकेत ह्या मुंग्यांची वस्ती दक्षिणेच्या सुमारे पाचपट दाट निघाली. हवामान सारखे, जमीन सारखी. मग फरक कशाचा? मोबिलला येताना मुंगी एकटी आली होती. तिचे रोग, तिचे परजीवी, तिचे पिढीजात वैरी मागे राहिले होते. सासुरवाडीला तिच्यावर वचक ठेवणारे कोणी नव्हते.

ह्या वैऱ्यांत एक होती कुबडी माशी. शास्त्रीय भाषेत तिचे कूळ 'स्यूडॅक्टिऑन'. लांबी दीड मिलिमीटरच्या आतबाहेर. परजीवी प्राणी बहुधा यजमानाच्या जिवावर जगतो आणि त्याला जगू देतो. ही माशी यजमानाचा शेवट करूनच जन्म घेते. मादी वारुळावर घिरट्या घालते. वारूळ कोणी उकरले की मुंग्या धोक्याचा गंध सोडतात, आणि ज्या गंधाने मुंग्या लढायला धावतात त्याच गंधाने माशीला त्यांचा पत्ता लागतो. ती एक मुंगी हेरते, झडप घालते आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तिच्या छातीत एक अंडे टोचते. अंड्यातली अळी सरकत सरकत मुंगीच्या डोक्यात जाते आणि दोन-तीन आठवडे तेथे गुपचूप राहते. मुंगी ह्या काळात आपले काम करीत असते. मग एके दिवशी अळी डोक्यातील सर्व काही खाऊन टाकते आणि मान जोडणारे पडदे विरघळवते. डोके गळून पडते. त्या रिकाम्या डोक्याची कवटी हाच अळीचा कोष होतो. आणखी दोन-तीन आठवड्यांनी मुंगीच्या तोंडाच्या जागेतून नवी माशी बाहेर पडते.

हे वर्णन भयंकर आहे खरे, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आता मुंग्यांची खैर नाही. हिशेब मात्र वेगळे सांगतो. एका मादीपाशी फार तर दोनतीनशे अंडी. आयुष्य अवघे काही दिवसांचे. वारुळातल्या शंभर मुंग्यांत माशीने खरोखर मारलेल्या मुंग्या एक-दोनही भरत नाहीत. दोन लाखांच्या राज्याला असे मृत्यू म्हणजे काहीच नव्हे. मग ह्या माशीचे महत्त्व कशात?

त्याचे उत्तर टेक्सासमधील एका तरुण संशोधकाने दिले. डोनाल्ड फीनर ह्यांनी १९८१ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात एक छोटासा निबंध लिहिला. त्यांच्यासमोर दोन निराळ्या जातींच्या देशी मुंग्यांचे भांडण होते. एका जातीपाशी मोठ्या डोक्याच्या शिपाई मुंग्या होत्या आणि अन्नावरच्या लढाईत त्या भारी पडत. पण अशीच एक परजीवी माशी आली की शिपाई रणांगण सोडून बिळात पळत, आणि दुबळी जात मैदान मारी. माशीने फारसे कोणाला मारले नव्हते. तिच्या भीतीने लढाईचा निकाल फिरवला होता. पुढे १९९५ साली ब्राझीलमध्ये मॅथ्यू ऑर, लॉरेन्स गिल्बर्ट आणि त्यांचे सहकारी ह्यांनी अग्निमुंगीच्या बाबतीतही हेच पाहिले. माशी घिरट्या घालू लागली की अन्नावर जमलेल्या मुंग्या अंग चोरतात, निश्चल होतात, पानाखाली दडतात, आणि अन्न दुसऱ्या जातीच्या मुंग्या नेतात. एका माशीमुळे शेकडो मुंग्यांचे काम थांबते. ज्या प्राण्यासाठी मुंगीने लपण्याची इतकी पक्की रीत अंगी बाणवली, तो प्राणी लक्षावधी वर्षे तिच्या मानगुटीवर असला पाहिजे, असे अनुमान काढण्यात आले.

काट्याने काटा काढावा, ही म्हण आपल्या ओठांवर असतेच. पण काढणारा काटा आपल्याच पायात मोडून बसला तर? शास्त्रज्ञांपुढे असे उदाहरण होते. १९३५ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये उसाच्या मुळांवरील हुमणीसारख्या किडीसाठी हवाईहून मोठे विषारी बेडूक आणून सोडले. बेडकांनी ती कीड सोडून बाकी सर्व खाल्ले आणि आज ते स्वतःच तेथील मोठे संकट आहेत. म्हणून फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत पोर्टर आणि टेक्सास विद्यापीठात गिल्बर्ट ह्यांनी आधी माशीचीच परीक्षा घेतली. बंदिस्त खोल्यांत तिच्यापुढे वेगवेगळ्या जातींच्या मुंग्या ठेवल्या. बहुतेकींकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. मात्र 'कर्व्हेटस' नावाची जात देशी अग्निमुंगीतही क्वचित वाढू शकते असे आढळले. हे लपवण्यात आले नाही. त्या देशी मुंगीला परकी मुंगी मुळातूनच उखडून टाकीत आहे, त्यापुढे माशीचा उपद्रव किरकोळ, असा तोल पाहून परवानगी दिली गेली. विमानांच्या काळात असा तोल कोणी पाहिला नव्हता.

माशी वाढवायची तर जिवंत मुंग्यांवरच वाढवावी लागते. तिच्यासाठी दुसरे कोणतेही खाद्य नाही. त्यातून मोठी गमतीची यंत्रे निर्माण झाली. मुंग्या एका जागी राहिल्या तर झाकणाखाली लपून बसतात. म्हणून पेटीच्या दोन टोकांना दोन झाकणे ठेवली. यंत्राने एक वर उचलले जाई आणि दुसरे खाली येई. आसरा शोधणाऱ्या मुंग्या दिवसभर ह्या टोकाहून त्या टोकाला रांगेने पळत राहत आणि वरून माश्या अंडी टोचीत राहत. मग गळलेली डोकी वेचून, दमट हवेत ठेवून, त्यांतून नव्या माश्या उपजवायच्या. १९९७ साली फ्लोरिडात गेन्सव्हिलच्या परिसरात 'ट्रायकस्पिस' ही पहिली जात सोडली आणि ती रुजली. त्यानंतर २००० साली कर्व्हेटस आली आणि हळूहळू आणखी चार जाती आल्या. प्रत्येकीचा धर्म निराळा. कोणी सकाळ-संध्याकाळच्या मंद उजेडात उडते, कोणी भर दुपारी. कोणी मोठ्या मुंग्यांवर झडप घालते, कोणी अगदी बारक्या. कोणी वारुळावर पहारा देते, कोणी अन्नाच्या वाटेवर. एक पहारेकरी पुरत नाही म्हणून पाळ्या लावल्या, असेच म्हणा ना. माश्या आपल्या पंखांनी पुढे सरकत गेल्या. २०११ पर्यंत निर्बंधित प्रदेशाच्या अर्ध्याहून अधिक भागात कर्व्हेटस पोहोचली होती. ह्या प्रसाराचा खर्च शेतकऱ्याला एक पैसाही पडला नाही.

आणि आता खरा प्रश्न. मुंग्या कमी झाल्या का?

ह्याचे उत्तर माशी सोडणाऱ्यांनीच दिले, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे. २००५ साली लॉइड मॉरिसन आणि पोर्टर ह्यांनी उत्तर फ्लोरिडातील मोजणी प्रसिद्ध केली. ट्रायकस्पिस माशी जेथे पोहोचली तेथली आणि जेथे अजून पोहोचली नव्हती तेथली वारुळे त्यांनी वर्षानुवर्षे मोजली. पावसापाण्याने मुंग्यांची संख्या मुळातच इतकी खाली-वर होत होती की, माशीमुळे पडलेला फरक त्यातून वेगळा काढता आला नाही. एकट्या ह्या माशीने मुंगी हटली, असे म्हणायला पुरावा मिळाला नाही. प्रयोगशाळेत आणि अन्नाच्या तबकाभोवती जी भीती स्पष्ट दिसत होती, ती लाखो एकरांच्या हिशेबात विरून गेली.

तर मग हाही पराभवच का? मला तसे वाटत नाही, आणि ह्याचे कारण सांगणे हाच माझ्या व्याख्यानाचा हेतू आहे. १९५७ ची मोहीम निर्मूलनाच्या वचनावर उभी होती. ते वचन मोडले तेव्हा मागे मेलेले पक्षी, दूषित दूध आणि अधिक दाट वारुळे उरली. माशीच्या प्रयोगाने निर्मूलनाचे वचन दिलेच नव्हते. मुंगीच्या राज्यावर एक छोटासा कर बसवावा, मग दुसरा, मग तिसरा, आणि माहेरी जसे अनेक करांनी तिला जमिनीवर ठेवले होते तसे येथेही ठेवावे, एवढीच त्याची आकांक्षा होती. १९९६ साली मुंगीच्या राण्यांना दुबळे करणारा एक सूक्ष्म रोगजंतू, जो पूर्वी दक्षिण अमेरिकेतच ठाऊक होता, तो फ्लोरिडातही आढळला. पुढे तोच जंतू ह्या माश्यांच्या शरीरातही सापडला. वैऱ्यांची ही साखळी एकेक कडीने जुळते आहे. तिचे फळ दहा वर्षांत दिसेल की पन्नास, ह्याची हमी कोणी देत नाही. तोवर शेतकरी अजूनही वारुळांवर आमिष टाकतो. 

अशी हमी न देता मिळालेले यश आपल्या देशानेही पाहिले आहे. निवडुंग हे मूळचे अमेरिकेतील झुडूप. आपल्याकडे आले आणि माळच्या माळ त्याने व्यापले. १७९५ साली किरमिजी रंगाच्या लोभाने ब्राझीलहून एक किडा भारतात आणला. तो निघाला भलत्याच जातीचा. रंग काही मिळाला नाही, पण त्याने उत्तर आणि मध्य भारतातील एका जातीचे निवडुंग खाऊन टाकले. दक्षिणेकडचा फड्या निवडुंग मात्र त्याला दाद देईना. तेव्हा १९२६ मध्ये श्रीलंकेहून त्याच्याच जवळचा दुसरा किडा आणला आणि काही वर्षांतच हजारो एकर जमीन मोकळी झाली. तेथे एक किडा पुरला, कारण झुडूप पळत नाही, लपत नाही आणि पुन्हा उडून येत नाही. मुंगीचे तसे नाही. म्हणून एका ठिकाणचा उपाय दुसऱ्या ठिकाणी तसाच लावता येत नाही; प्रत्येक प्राण्याचे माहेर वेगळे शोधावे लागते.

हा धडा आपल्याला परका नाही. इन्व्हिक्टाचीच एक अमेरिकन बहीण, उष्ण कटिबंधातील अग्निमुंगी, कित्येक पिढ्यांपासून भारतात राहते आहे आणि आपल्या शेतांतही ती डसते. तांबडी अजिंक्य मुंगी २००१ साली ऑस्ट्रेलियात, त्यानंतर तैवान आणि चीनमध्ये आढळली. २०२३ साली ती इटलीच्या सिसिली बेटावर वसल्याचे जाहीर झाले. बंदरांतून माल येतो तोवर असे पाहुणे येतच राहणार. ते आले म्हणजे पहिली हाक विषाच्या डब्याला जाईल. संतापाच्या भरात तसे होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी मोबिलच्या त्या मोकळ्या जागेतील मुलाची आठवण ठेवावी. त्याच्यापाशी ना विमान होते, ना पैसा. गुडघे टेकून त्याने आधी नीट पाहिले आणि जे पाहिले ते लिहून ठेवले. पंधरा वर्षांनी ज्यांनी विमाने पाठविली, त्यांनी त्याच्याइतके जरी पाहिले असते, तरी पुष्कळ पक्षी वाचले असते.